पहिली-दुसरीतली मुलगी काय शिकते?



शिक्षणावर बोलायचे तर शिक्षणतज्ज्ञाने बोलावे, असा व्याख्यानमालांचा शिरस्ता आहे. आम्ही पडलो कामगार संघटनेचे कार्यकर्ते. मजुरी, बोनस, फंड, नोटीस, संप हे आमचे विषय. तेव्हा आम्ही पहिली-दुसरीतल्या मुलींविषयी बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्यांचा चळवळीशी संबंध आहे त्यांनी मनात म्हटलेही असेल, की यांचे मोर्चे संपले वाटते, आता हे बालवर्ग घेणार.

परंतु मुलींची शाळा आणि कामगारांची चळवळ ही आपल्याकडे एकाच घरची लेकरे आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. त्याच जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी त्यात मागितले. सरकारची तिजोरी भरतो रयतेचा घाम, आणि शिकतात मात्र वरचे लोक, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे मजुरीचा आणि शाळेचा प्रश्न त्यांनी एकाच हिशेबात मांडला होता. पुढे आम्ही त्याच्या दोन वह्या केल्या आणि शाळेची वही दुसऱ्याच्या हाती दिली.

त्याच सुमाराची आणखी एक तारीख सांगतो. १८८१ साली या देशात पहिला कारखाना कायदा झाला. त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलाला गिरणीत कामावर ठेवायला बंदी केली. त्याचा सरळ अर्थ असा, की सात वर्षे पुरी झाली की मूल कामाला मोकळे. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाचे नऊ तास राबवता येत असे. आता सात वर्षांची मुलगी शाळेत कोणत्या इयत्तेत असते? ती दुसरीत असते. १८८१ चा तो कायदा केव्हाच गेला, पण त्याने आखलेली सात वर्षांची रेघ आमच्या वस्त्यांतून अजून पुसली गेलेली नाही. ती रेघ कोठे आहे आणि दुसरीतली मुलगी तिच्यापाशी कशी अडते, एवढेच आज सांगायचे आहे.

आम्ही बोलतो ते सोलापूरच्या विडी कामगार वस्त्यांविषयी. या शहरात विड्या वळण्याचे काम बहुतांशी बायका करतात आणि घरी बसून करतात. विडी कारखान्याच्या शाखेला त्या ‘ब्रँच’ म्हणतात. तेथून पान, तंबाखू आणि दोरा आणायचा. पान भिजवायचे, पत्र्याच्या साच्याने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचे एक बंडल. अशी चाळीस बंडले म्हणजे हजार. मजुरी हजारावर. दुसऱ्या दिवशी माल ब्रँचमध्ये द्यायचा. तेथे तो तपासला जातो, आणि पसंत न पडलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात. या बायकांपैकी पुष्कळजणींच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू, काहींच्या घरी मराठी. एका गल्लीत चार भाषा आणि एकच धंदा.

अशा घरची मुलगी सहाव्या वर्षी पहिलीत जाते. ती काय शिकते?

पहिली गोष्ट, ती अक्षर शिकते. आपण सगळे वाचणारी माणसे असल्यामुळे हे किती मोठे काम आहे ते विसरून गेलो आहोत. ‘क’ ही आकृती आणि ‘क’ हा आवाज यांचे मुळात काही नाते नाही. ते नाते माणसाने ठरवले आणि प्रत्येक मुलाला ते नव्याने जोडावे लागते. मग काना, मात्रा, वेलांटी, उकार. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. मग जोडाक्षर, ज्यात अर्धे अक्षर पुढच्याच्या खांद्यावर बसते. हे सारे ती दीड-दोन वर्षांत करते. ज्या मुलीच्या घरी मराठी नाही, तिचे काम दुप्पट होते. मराठी मुलगी ‘घर’ असे वाचते तेव्हा तिच्या डोळ्यापुढे घर उभे राहते. तेलुगू मुलीच्या घराचे नाव ‘इल्लु’. तिने ‘घ’ आणि ‘र’ अचूक जोडले तरी समोर घर उभे राहतेच असे नाही. बाई म्हणतात, हिला वाचता येते. आई म्हणते, हिला वाचता येते. आणि मुलीला मात्र ठाऊक असते की आपण नुसता आवाज काढला.

म्हणून पहिलीच्या वर्गात घरची भाषा आत येऊ द्यावी असे शिक्षणशास्त्र सांगते, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. ज्या वर्गात निम्म्या मुली घरी तेलुगू बोलतात, तेथील बाईंना तेलुगूचे शंभर शब्द तरी यावेत, आणि मुलीने ‘इल्लु’ म्हटले तर वर्गाने हसू नये. एवढ्याने मराठीचे काही बिघडत नाही. मराठी तिला पाहिजेच आहे. कचेरीची, बाजाराची, अर्जाची भाषा तीच आहे. मात्र त्या भाषेत ती शिरणार ती आपल्या भाषेच्या उंबऱ्यावरून.

दुसरी गोष्ट, ती आकडा शिकते. आपणांस आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. एकवीस, बावीस यांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचायला शिकवावे, असा तो बदल होता. गणिताच्या समितीवर प्रमुख म्हणून डॉ. मंगला नारळीकर होत्या. मराठी भाषा बुडाली, अशी ओरड झाली. विधिमंडळापर्यंत गोष्ट गेली. थट्टेला तर सुमार राहिला नाही.

त्या थट्टेत एक गोष्ट कोणी पाहिली नाही. मराठीत आपण लिहितो दशक आधी आणि बोलतो एकक आधी. २७ असे लिहिताना दोन पहिला, बोलताना सत्तावीस, म्हणजे सात पहिला. एकोणतीस तर याहून अवघड. तेथे आहेत दोन आणि नऊ. आणि तोंडाने आपण म्हणतो, तिसाला एक उणा. सहा-सात वर्षांच्या मुलाने ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिले तर त्याचा दोष किती आणि भाषेच्या घडणीचा किती? आता तेलुगू पाहा. तेलुगूत एकवीसला म्हणतात ‘इरवै ओकटि’. इरवै म्हणजे वीस, ओकटि म्हणजे एक. कन्नडमध्येही दशक आधी, ‘इप्पत्तोंदु’. म्हणजे ‘वीस एक’ हे जे महाराष्ट्राला विपरीत वाटले, ते सोलापूरच्या हजारो घरांत आई रोज बोलते. ती मुलगी घरून जो आकडा घेऊन येते तो लिहिण्याच्या क्रमाशी जुळणारा आहे. शाळा तिला तो आधी उलटा करायला लावते आणि मग चुकली म्हणून रागावते. आमचे म्हणणे असे नाही की एकवीस-बावीस सोडून द्यावेत. बाजारात तेच चालतात, तेव्हा ते आलेच पाहिजेत. पण चढायला दोन वाटा असतील तर सोपी वाट दाखवणाऱ्याची टर उडवू नये.

आणि हा आकडा कशासाठी, तेही ऐका. हजारामागे पन्नास विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या असे समजा. बाई रोज हजार विड्या वळते असे धरा. वीस दिवसांत वीस वेळा पन्नास, म्हणजे हजार विड्या. एक संपूर्ण दिवसाची मजुरी गेली. हे गणित पंचवीस चोक शंभरच्या पलीकडचे नाही. पण ते ज्या बाईला येत नाही तिला तो दिवस कधी दिसत नाही. तिला फक्त पैसे कमी पडलेले दिसतात. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा कच्चा माल देणे आणि विड्या नाकारणे यांवरून होणारे तंटे कोणी सोडवायचे याची तरतूद त्यात मुद्दाम घालावी लागली. कायदा झाला खरा, पण किती दिले आणि किती नाकारले हे ज्या वहीत लिहिलेले असते ती वही वाचता आली नाही, तर तक्रार कशाच्या आधारे करणार? संघटनेच्या कचेरीत आम्ही वर्षानुवर्षे हेच पाहिले. तक्रार करणारी बाई खरे बोलत असते, पण वही दुसऱ्याने वाचून दाखवल्यावर तिला आपले खरे कळते. दुसरी इयत्ता नीट झालेली मुलगी त्या घरात असेल, तर त्या वहीला पहिला वाचक मिळतो. हिशेब तपासणारी माणसे आम्ही शहरातून शोधत फिरतो, आणि एक उमेदवार सात वर्षांची होऊन घरातच बसलेली असते.

तिसरी गोष्ट वेळापत्रकात नसते. मुलगी वर्गात हात वर करायला शिकते. ‘बाई, मला समजले नाही’ असे म्हणायला शिकते, किंवा म्हणू नये हे शिकते. वर्ग झाडायला कोणाला सांगतात, पाण्याचा हंडा कोण भरते, कवायतीत पुढे कोण उभे राहते, हे ती पाहते. वर्ग झाडणे वाईट नव्हे; पण झाडू नेहमी मुलींच्याच हाती गेला, तर तो धडा शंभर टक्के पाठ होतो, त्याची परीक्षा घ्यावी लागत नाही. या बाबतीत पुस्तकांनी बरे पाऊल टाकले आहे. त्याच २०१९ सालच्या दुसरीच्या पुस्तकात बाप्या आणि बाई मिळून भाजी निवडत आहेत असे चित्र आले, बाई डॉक्टर झालेली दिसली. चित्राने जग बदलत नाही, हे खरे. पण सात वर्षांच्या मुलीने ते चित्र पाहून घरी बापाकडे एकदा बघितले, तर तेवढे बघणेसुद्धा शिक्षणच आहे.

आणि प्रश्न विचारण्याचे शिक्षण कोठवर जाते त्याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. १८४८ ते १८५५, मध्ये वर्षे किती? सात. ज्या जातीला अक्षर वर्ज्य होते तिच्या मुलीने सात वर्षांच्या आत साऱ्या समाजाला जाब विचारला. पहिली-दुसरीला क्षुल्लक समजणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

आता चौथी गोष्ट, जी ती घरी शिकते. सात वर्षांच्या मुलीची बोटे लहान आणि चपळ असतात. विडीचे तोंड मुडपणे, दोरा बांधणे, बंडले मोजणे तिला सहज जमते. शिवाय धाकटे भावंड सांभाळायला ती आता पुरेशी मोठी झालेली असते. आई माल द्यायला ब्रँचमध्ये जाते, ती वेळ आणि शाळेची वेळ पुष्कळदा एकच. मग मूल कोणापाशी ठेवायचे? ताईपाशी. ताई दुसरीत आहे. आठवड्यातून एक दिवस, मग दोन दिवस. कोणी तिचे नाव शाळेतून काढत नाही. ते हजेरीपटावर राहते, आणि मुलगी उंबऱ्यात बसून राहते. १८८१ ची रेघ ती हीच. येथे मुलगी एकच धडा शिकते, की आपला वेळ आपला नाही. तो धडा मात्र जन्मभर टिकतो.

कायदा याकडे कसा पाहतो? १९८६ च्या बालमजुरी कायद्याने विडीच्या धंद्यात मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली. पण घरच्या माणसांनी घरच्या धंद्याला केलेली मदत त्यातून वगळली. २०१६ साली कायदा दुरुस्त झाला, तेव्हाही शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी कुटुंबाला मदत करण्याची वाट शिल्लक ठेवली, फक्त धोक्याची कामे वगळली. ज्या धंद्याचा कारखानाच घरात आणून ठेवलेला आहे, तेथे घर कोठे संपते आणि कारखाना कोठे सुरू होतो, हे कोणता निरीक्षक ठरवणार?

यावर आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी पटकन म्हणतात, या बायकांना मुलींच्या शिक्षणाची किंमत नाही. हे आम्हांस साफ नामंजूर आहे. मजुरी हजारावर आहे, तासावर नाही. हजार पुरे झाले नाहीत तर चूल अडते. ज्या दराने एका बाईच्या दोन हातांनी घर चालत नाही, तो दर स्वतःच मुलीचे दोन हात मागत असतो. आईला दोष देणे सोपे, कारण ती समोर बसलेली असते. दर समोर बसत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, की हजारावरच्या मजुरीची वाढ ही मुलींच्या शिक्षणाचीही मागणी आहे. रस्त्यावर आम्ही मजुरीची घोषणा देतो तेव्हा दुसरीचा वर्ग आमच्या मागे उभा असतो.

दुसरी कच्ची राहिली तर पुढे काय होते? मुलांना वर्गात मागे ठेवू नये असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ठरवले. पुढे पाचवी आणि आठवीपुरती त्यात ढिलाई झाली. लहान मुलाला नापास करून घरी बसवणे आम्हांलाही मान्य नाही. पण वर चढवलेले मूल शिकलेले असतेच असे नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले शेकडा २३.४ निघाली. २०२२ साली हेच प्रमाण १६.३ होते, म्हणजे सुधारणा आहे, पण चारांतील तीन मुले अजून बाहेरच आहेत. ही खेड्यांची आकडेवारी आहे, शहराची नव्हे. पण शहरातली झोपडपट्टी फार वेगळी असेल अशा भ्रमात राहू नये. न वाचता येणारी मुलगी चौथीत गप्प बसते, सहावीत मागच्या बाकावर जाते, आणि मग एके दिवशी येत नाही. लोक म्हणतात, सातवीत शाळा सोडली. शाळा तिने दुसरीतच सोडलेली असते. कळायला पाच वर्षे लागतात.

मग करायचे काय? नुसते हळहळणे हे संघटनेचे काम नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात हाच प्रश्न सोडवला होता. आदिवासी मुले शाळेत येत ना, कारण ती गुरे राखायला जात. बाईंनी गुरे सोडा असे सांगितले नाही. त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. तिचे नाव कुरणशाळा. लहान मुले येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द साऱ्या देशाला मिळाला. मूल कामाला का अडकले आहे ते आधी पाहायचे आणि ती गाठ सोडवायची, ही त्यांची रीत. तीच रीत आपल्या गल्लीत लावली तर तीन कामे दिसतात.

पहिले, ब्रँचच्या शेजारी पाळणाघर. १९६६ च्या कायद्याने विडी कारखान्यात पाळणाघराची तरतूद केली. पण घरी वळणारीला कारखानाच नाही, म्हणून पाळणाही नाही. ही पळवाट बुजवावी अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे. धाकटे मूल पाळण्यात गेले की ताई वर्गात जाते. दुसरे, माल घेण्याची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून घेणे. यासाठी सरकारचा एक पैसा लागत नाही. मालक आणि संघटना एका बैठकीत ठरवू शकतात. तिसरे, प्रत्येक गल्लीत संध्याकाळी एक तास वाचनाचा. त्यात दुसरीच्या मुली आणि त्यांच्या आया एकत्र बसाव्यात, आणि क्रमिक पुस्तकाबरोबर विडीची वही, रेशनकार्ड, शिष्यवृत्तीचा अर्ज हेही वाचले जावे. जे वाचून घरातला तंटा सुटतो ते वाचायला मुलगी कधी कंटाळत नाही.

हे होणार नाही असे म्हणणारे भेटतील. त्यांना आम्ही कुंभारीला जाऊन यायला सांगू. तेथे विडी कामगार बायकांनी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली, आणि २००६ साली त्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. ज्यांनी दहा हजार घरे मिळवली, त्यांना ब्रँचजवळ चार भिंतींचे पाळणाघर मिळवणे जड जाऊ नये. तेव्हा घर मागितले होते. आता घरातल्या मुलीचे सकाळचे चार-पाच तास मागायचे आहेत.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. मुलगी चार दिवस आली नाही तर हजेरीपटावर फुली मारून थांबू नका; आम्हांला निरोप धाडा. संघटनेचा माणूस त्या घरी जाईल. तो आईला उपदेश करायला जाणार नाही, मूल कोणी सांभाळायचे हा प्रश्न सोडवायला जाईल. आणि संघटनेतल्या बंधूंनो, तुम्हांला एक सांगणे. पुढच्या करारात मजुरीच्या कलमाखाली पाळणाघराचे आणि वेळेचे कलम लिहा, आणि मालक म्हणाला की हे शाळेचे काम आहे, तर त्याला सांगा की १८८२ पासून हे आमचेच काम आहे.